मूळ संहिता द्यावी ती कशी?

२०२४ साली गुड फ्रायडे २९ मार्च रोजी आला होता. गोव्यात ते शिगम्याचेही दिवस. त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड नामक एका अभियंत्याने संगणक-सुरक्षेच्या जाणकारांपुढे एक जाहीर टिपण ठेवले, आणि सुटीवर गेलेल्या असंख्य संगणक-व्यवस्थापकांना सुटी टाकून कामास लागावे लागले. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत असून पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या रचनाकारांपैकी एक आहेत. आपल्या चाचणीच्या यंत्रात प्रवेश करताना पूर्वी ज्या कामास ०.२९९ सेकंद लागत, त्यास आता ०.८०७ सेकंद लागतात, एवढेच त्यांच्या नजरेस आले होते. अर्धा सेकंद! आमच्याकडे सरकारी कचेरीत अर्धा दिवस गेला तरी कोणी कारण विचारीत नाही. या गृहस्थांनी अर्ध्या सेकंदाचे कारण विचारले आणि ते शोधता शोधता अलीकडच्या काळातील एका अत्यंत धूर्त कारस्थानाच्या मुळाशी ते जाऊन पोचले.

ते मूळ असे होते. एक्सझेड या नावाचे एक लहानसे साधन आहे. मोठ्या फाइली दाबून लहान करणे आणि लागतील तेव्हा पुन्हा उलगडणे, इतकेच त्याचे काम. परंतु लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ते कोठे ना कोठे असतेच. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या, फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविण्यात आला होता. ज्याच्यापाशी विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्यास बाधित यंत्रात कोणाच्याही परवानगीवाचून शिरून हवे ते करता आले असते. दोषांच्या तीव्रतेचे मोजमाप करणाऱ्या पट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. सुदैव एवढेच की, डेबियन, फेडोरा आदींच्या चाचणीसाठी काढलेल्या आवृत्त्यांपर्यंतच तो पोचला होता. मोठमोठ्या संस्था ज्या स्थिर आवृत्त्यांवर विसंबतात त्यांत तो उतरण्यापूर्वीच पकडला गेला.

या प्रकरणातील हेरकथेची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. आम्हांस आज वेगळ्याच बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. एक्सझेड हे ओपन सोर्स, म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे असे साधन. मग ज्याचे अक्षर न् अक्षर जगासमोर उघडे आहे त्यात चोरदरवाजा दडला कसा? याचे उत्तर, संहिता खुली असणे आणि संहिता वापरणाऱ्याच्या हाती नीट पोचणे या दोहोंतील अंतरात आहे.

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. एक माणसाने लिहिलेले आणि माणसास वाचता येणारे; तीच मूळ संहिता अथवा सोर्स कोड. दुसरे तिच्यावरून बांधलेले, केवळ यंत्रास समजणारे. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाला हे दुसरे रूपच मिळते. ओपन सोर्सचा दावा असा की, पहिले रूपही वापरणाऱ्यास मिळाले पाहिजे, म्हणजे त्याला ते वाचता, तपासता व बदलता येईल. हा दावा आम्हांस मान्य आहे. परंतु त्या पहिल्या रूपाचेही पुन्हा दोन प्रकार पडतात, हे सामान्य वाचकासच काय, पुष्कळ जाणकारांसही २०२४ पर्यंत फारसे खुपले नव्हते. एक प्रकार म्हणजे प्रकल्पाचे भांडार. त्यात प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, कोणती ओळ काढली, कोणती घातली, याची ओळीने नोंद असते. आजकाल हे भांडार बहुधा गिट या साधनाने राखले जाते. दुसरा प्रकार म्हणजे आवृत्ती निघते त्या दिवशी प्रकल्पाचा चालक जो गठ्ठा बांधून प्रसिद्ध करतो तो; व्यवसायातील लोक त्यास टारबॉल म्हणतात. भांडारावर सर्वांची नजर असते. यंत्रांत जे जाते ते मात्र पुष्कळदा गठ्ठ्यातून जाते.

एक्सझेडच्या कारस्थान्याने नेमकी हीच फट हेरली. चोरदरवाजाचा मुख्य ऐवज त्याने भांडारातच ठेवला होता, पण चाचणीच्या फाइलींच्या वेषात. दाबलेल्या फाइली उलगडण्याचे साधन तपासावयाचे तर काही फाइली मुद्दाम बिघडवून ठेवाव्याच लागतात. त्या उघडून आत काय आहे हे पाहण्याचे कारण कोणास पडणार? त्या जशा होत्या तशा पडून राहिल्या असत्या तर निरुपद्रवी होत्या. त्यांना जागे करणाऱ्या ओळी बांधणीच्या तयारीशी संबंधित एका फाइलीत होत्या, आणि त्या ओळी भांडारातील संहितेत नव्हत्याच. त्या फक्त गठ्ठ्यात होत्या. भांडारावरून जो बांधणी करील त्याला स्वच्छ माल मिळे. गठ्ठ्यावरून, विशिष्ट प्रकारच्या लिनक्स यंत्रासाठी जो बांधणी करील त्याच्या पदरी चोरदरवाजा पडे. आणि गठ्ठ्यावर सही होती! खरी, तपासून पाहिली तर जुळणारी सही. कारण गठ्ठा बांधणारा आणि कारस्थान करणारा एकच होता. सही ही गठ्ठा कोणी बांधला ते सांगते. आत काय बांधले ते सांगत नाही.

हा मनुष्य तेथवर पोचला कसा, हेही सांगणे प्राप्त आहे. जिया टॅन हे नाव धारण करणारी व्यक्ती, अथवा व्यक्तींचा गट, २०२१ च्या अखेरीपासून या प्रकल्पात लहानसहान, उपयुक्त दुरुस्त्या पाठवीत होता. मूळ चालक लासे कॉलिन हे फुरसतीच्या वेळात, विनामोबदला हे काम सांभाळीत. २०२२ मध्ये अचानक काही अनोळखी नावांनी, काम फार संथ चालले आहे, नवा माणूस घ्या, असा तगादा त्यांच्यामागे लावला. हे आपले विनावेतन छंदाचे काम आहे, याची आठवण कॉलिन यांना द्यावी लागली. शेवटी त्यांनी मदतीस तत्पर असलेल्या जिया टॅनच्या हाती पुष्कळसा कारभार सोपविला. ज्याच्या खांद्यावर जगाने भार टाकला त्यास जगाने एक पैसाही दिला नव्हता, आणि तगादा लावणारे मात्र भेटले. पुढे जे सुचवावयाचे आहे त्याचा भार अशाच माणसांवर पडणार, हे आम्ही विसरलेलो नाही.

गठ्ठा आणि भांडार यांत फरक का पडू दिला गेला, याचा इतिहास निर्दोष आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा आजच्यासारखे घरोघरी इंटरनेट नव्हते. १९८५ च्या सुमारास त्यांनी ईमॅक्स हे आपले साधन चुंबकीय फितीवर, १५० डॉलरांस एक याप्रमाणे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. युनिक्सचे नाना प्रकार तेव्हा प्रचारात होते. एकावर चालणारी संहिता दुसऱ्यावर अडे. १९९१ पासून ऑटोकॉन्फ नावाचे साधन आले. चालकाने ते आपल्याकडे चालवावे, त्यातून हजारो ओळींची एक तयारीची फाइल निर्माण व्हावी, आणि ती गठ्ठ्यात घालून द्यावी. म्हणजे वापरणाऱ्यास स्वतःपाशी फारशी साधने नसली तरी बांधणी करता यावी, अशी ही सोय होती. परंतु यंत्राने निर्माण केलेल्या त्या हजारो ओळी कोणी वाचीत नसे. वाचण्याजोग्या त्या नसतातच. न वाचल्या जाणाऱ्या ओळी गठ्ठ्यात असणे ही तीस वर्षांची वहिवाट झाली, आणि वहिवाटीच्या वाटेवर पहारा नसतो.

मराठी वाचकास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत आपण तो भोगलेला आहे. हस्तलिखितांवरून हस्तलिखिते होत गेली, पाठांतराने पाठ बदलले, आणि मूळ ग्रंथ शुद्ध असूनही लोकांच्या हाती पडलेल्या प्रती अशुद्ध होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथमहाराजांनी प्रती मिळवून पाठशुद्धी केली आणि अखेरीस, या ग्रंथात आपल्या पदरची ओवी कोणी घुसडू नये, असे कठोर शब्दांत बजावून ठेवले. ही तत्कालीन महाराष्ट्रातील अधिकृत आवृत्तीच म्हणावयाची. नाथांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि कोणत्या ओवीत आधी कोणता पाठ होता, तो का बदलला, अशी ओवीवार टाचणे आपल्या हाती नाहीत. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपणांस सापडलेल्या, नाथपूर्व म्हणून मानलेल्या प्रतीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली तेव्हा पंडितांमध्ये वादास तोंड फुटले. शुद्ध प्रत मिळाली, पण शुद्धीचा हिशेब मिळाला नाही.

सॉफ्टवेअरचा रिवाज अर्थात वेगळा आहे. तेथे आपल्या पदरची ओवी घालण्यास मनाई नाही; किंबहुना ती घालता यावी म्हणूनच संहिता द्यावयाची. मात्र ग्नूच्या सार्वजनिक परवान्यात, म्हणजे जीपीएलमध्ये, अशी अट आहे की, ज्याने बदल केला त्याने बदल केल्याचे आणि तो केव्हा केला याचे ठळक निवेदन करावे. हा परवाना १९८९ मध्ये प्रथम निघाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. संहिता कशी द्यावी याचा विचार त्यात बारकाईने केलेला आहे. दुसऱ्या आवृत्तीनुसार बांधलेली आज्ञावली देणाऱ्याने एक तर सोबतच संहिता द्यावी, अथवा किमान तीन वर्षे कोणीही मागितल्यास, प्रत करून पाठविण्याच्या खर्चापेक्षा अधिक न घेता, ती देण्याचे लेखी वचन द्यावे. मूळ संहिता म्हणजे काय, याची व्याख्या तर कोणाही कायदेपंडिताने दाद द्यावी अशी आहे. बदल करणारा जे रूप पसंत करील ते रूप, म्हणजे मूळ संहिता. आणि बांधणी व स्थापना ज्यावरून होते त्या आज्ञाही तिच्यात मोडतात. संहितेची जाड छापील प्रत पाठवून, घ्या तुमची संहिता, असे म्हणण्याची वाट या व्याख्येने बंद केली.

व्याख्या चांगली असली म्हणून वर्तन चांगले होतेच असे नाही. रेड हॅट ही ओपन सोर्सच्या जगातील मातब्बर कंपनी. तिने लिनक्ससाठी जेवढे श्रम केले तेवढे फार थोड्यांनी केले असतील. पूर्वी ही कंपनी लिनक्सचा मूळ गाभा आणि त्यावरील आपली एकेक दुरुस्ती वेगवेगळी देत असे. आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून सर्व दुरुस्त्या आधीच कालवून एकच गठ्ठा देण्यास तिने आरंभ केला, आणि २०११ मध्ये त्यावर मोठी टीका झाली. कंपनीने कारण लपविले नाही: आमच्याच मालावर आमचे प्रतिस्पर्धी सेवा विकतात, त्यांचे काम आम्ही सोपे का करावे? व्यापाराच्या दृष्टीने हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु जी कंपनी स्वतः एकेक दुरुस्ती वेगळी ठेवून काम करते तिने दुसऱ्यास कालवलेला काला द्यावा, तर बदल करणारा पसंत करील ते रूप हेच काय, असा प्रश्न उरतोच. पुढे २१ जून २०२३ रोजी कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. तिच्या व्यावसायिक लिनक्सची जशीच्या तशी संहिता यापुढे ग्राहकांनाच मिळेल, इतरांनी सेंटओएस स्ट्रीम ही पुढे धावणारी शाखा पाहावी, असे तिने जाहीर केले. ग्राहकाने मिळालेली संहिता इतरांस वाटली तर त्याचे सदस्यत्व संपुष्टात येऊ शकते, असाही तिच्या कराराचा अर्थ लावला जातो. परवान्याच्या अक्षरात हे बसते की नाही यावर मतभेद आहेत. आम्हांस इतकेच दिसते की, देण्याचा हक्क कागदावर ठेवावयाचा आणि तो बजावणाऱ्याला दार दाखवावयाचे, ही रीत परवान्याच्या आत्म्याला धरून नाही.

संहिता प्रत्यक्ष हाती पडली म्हणजे काय घडते याचे उदाहरण घरोघरीच्या एका डबीत आहे. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेला आहे, पण संहिता दिलेली नाही, हे २००३ मध्ये काही चिकित्सकांनी उघड केले. ओरड झाली, कंपनीने संहिता दिली, आणि तिच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने ज्यांच्याकडे पाठ फिरविली अशी शेकडो प्रकारची जुनी यंत्रे आज त्या प्रकल्पाच्या बळावर सुरक्षित व कामाची राहिली आहेत. उलट बाजूचे उदाहरण दूरदर्शन-संचाचे. अमेरिकेतील सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये व्हिझियो या संच बनविणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला, आणि तोही संहितेचा कर्ता म्हणून नव्हे; दुकानातून संच विकत घेणारा ग्राहक म्हणून. संहिता मागण्याचा हक्क वापरणाऱ्याचा आहे, हे न्यायालयात मांडण्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ लागावा, ही आम्हांस विचार करण्याजोगी गोष्ट वाटते.

आता आमचे मत. प्रकल्पाने जो गठ्ठा आवृत्ती म्हणून प्रसिद्ध करावयाचा तो भांडारातील एका निश्चित, नोंदलेल्या ठिकाणावरून सरळ निघालेला असावा. त्यात भांडारात नसलेली एकही ओळ असू नये, आणि कोणीही परक्याने स्वतः तो काढून पाहिला तर तो तंतोतंत तसाच निघावा. यंत्राने निर्माण केलेल्या फाइली सोयीसाठी द्यावयाच्याच असतील तर त्या निराळ्या द्याव्यात, त्यांच्यावर तसे स्पष्ट लिहावे, आणि त्या कशावरून, कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीने निर्माण केल्या तेही सांगावे. एसक्यूलाइट या डेटाबेसचे चालक हे कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. सोयीसाठी ते सारी संहिता एकाच, दोन लाखांहून अधिक ओळींच्या फाइलीत जुळवून देतात आणि वापरणाऱ्यास तीच घ्या म्हणून सांगतात. पण ती मूळ नव्हे हे ते लपवीत नाहीत, आणि मूळ फाइली त्यांच्या संपूर्ण इतिहासासह शेजारीच उपलब्ध असतात. सोय आणि सचोटी यांचे वैर नाही.

बांधलेली आज्ञावली जेथे मिळते तेथेच संहिता मिळाली पाहिजे, हेही आम्ही आग्रहाने म्हणू. संहिता अमुक ठिकाणी पाहावी, अशी चिठ्ठी डकवणे म्हणजे संहिता देणे नव्हे. ठिकाणे नाहीशी होतात. गूगलने चालविलेले गूगल कोड हे प्रकल्पांचे मोठे घर २०१६ मध्ये बंद झाले. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल पद्धतीची सारी भांडारे काढून टाकली. एक्सझेडच्याच प्रकरणात, चोरदरवाजा उघडकीस येताच गिटहबने ते भांडार काही दिवस कुलूपबंद केले. त्यामागील सावधगिरी समजू शकते. पण नेमके ज्या दिवसांत जगभरच्या तपासनीसांना जुने बदल एकेक करून चाळावयाचे होते, त्याच दिवसांत दप्तराला टाळे पडले. प्रकल्पाच्या स्वतःच्या जागी एक प्रत होती आणि अनेकांनी आपापल्या प्रती राखल्या होत्या, म्हणून काम अडले नाही. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज नावाचे संहितांचे ग्रंथालय सुरू केले, ते अशाच जाणिवेतून. प्रत्येक प्रकल्पाने आपली एक प्रत तेथे असल्याची खात्री करून घ्यावी. त्यास खर्च नाही.

संहिता मिळाली, ती भांडाराशी जुळली, तरी एक शंका राहते. यंत्रात चालणारी आज्ञावली याच संहितेवरून बांधली, हे कशावरून? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, बांधणी करणारे साधनच फितूर असेल तर संहिता कितीही निर्मळ असून उपयोग नाही. यावर उतारा म्हणून डेबियनच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून एक परिश्रमाचे काम चालविले आहे. एकाच संहितेवरून दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या दिवशी बांधणी केली तर निष्पत्ती अक्षरशः एकच यावी, असे ते काम. बांधणीची तारीख, फाइलींचा क्रम, यंत्रातील फोल्डराचे नाव असल्या क्षुल्लक गोष्टी निष्पत्तीत डोकावतात आणि जुळणी बिघडवितात. त्या एकेक करून हुडकून काढाव्या लागतात. वेचणीचे तांदूळ निवडावे तसे हे काम आहे, आणि त्यास प्रसिद्धी नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एवढे सारे वाचतो कोण? खरेच, फार थोडे वाचतात. फ्रॉइंड यांनीही आधी संहिता वाचली नव्हती. त्यांना घड्याळाने जागे केले. परंतु जागे झाल्यावर मुळापर्यंत जाता आले ते संहिता, गठ्ठा आणि भांडार हे तिन्ही समोर असल्यामुळे. बंद पेटीतील आज्ञावली असती तर अर्ध्या सेकंदाची तक्रार कंपनीच्या तक्रार-वहीत एक क्रमांक होऊन पडली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भांडारातच चाचणीच्या फाइलींच्या रूपाने विष होते, तेव्हा गठ्ठा भांडाराशी जुळला असता तरी काय साधले असते? पूर्ण संरक्षण साधले नसते, हे आम्ही मान्य करतो. पण मग ते विष जागे करणाऱ्या ओळी उघड्या भांडारात, नोंदीच्या प्रकाशात लिहाव्या लागल्या असत्या. चोराला अंगणातून जावे लागले असते, परसातून नव्हे.

आपल्या देशात याचे महत्त्व अद्याप नीट उमगलेले दिसत नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. २०२० च्या साथीत आरोग्यसेतू हे ॲप कोट्यवधी फोनांवर गेले. टीका झाल्यावर २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता खुली करण्यात आली. त्याबद्दल सरकारला श्रेय दिले पाहिजे. परंतु जमा झालेली माहिती जेथे जाई त्या सर्व्हरकडील संहिता त्या दिवशी दिली गेली नव्हती, आणि आपल्या फोनातील ॲप याच संहितेवरून बांधले आहे हे नागरिकाने पडताळावे कसे, यास सोपे उत्तर नव्हते. संहिता देण्याचा समारंभ झाला. देण्याची क्रिया अर्धी राहिली.

मराठी लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांस तर हा घरचा अनुभव आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर नाना कंपन्यांच्या खासगी सांकेतिक पद्धतींत टंकला जाई. तो फाँट यंत्रात नसला की तोच मजकूर रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा होऊन समोर येतो. त्या पद्धतींत टंकलेली वर्तमानपत्रे, पुस्तके, संस्थांचे अहवाल आज असून नसल्यासारखे आहेत. आता खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फाँट मिळू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांतील बहुतेक ज्या ओपन फाँट परवान्याखाली निघतात त्यात बांधलेला फाँट वाटण्यास मुभा आहे. मूळ रेखाटने देण्याची सक्ती नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे आहेत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र नीट उमटावा लागतो. उद्या एखाद्या मुद्रकाला हे वळण सुधारावेसे वाटले आणि हाती केवळ बांधलेली फाइल असली, तर त्याला घर दुरुस्त करण्यासाठी आधी भिंत फोडून पाया कोठे आहे ते पाहावे लागेल. आमच्या अक्षरशिल्पींनी परवान्याची वाट न पाहता रेखाटने सोबत द्यावीत, ही त्यांस विनंती.

काम वाढेल, हे खरे. विनावेतन राबणाऱ्या चालकावर ते लादून वापरणाऱ्या धनाढ्य कंपन्यांनी नामानिराळे राहावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही; गठ्ठे तपासण्यास, बांधणी पुन्हा करून पाहण्यास माणसे आणि यंत्रे त्यांनीच पुरवावीत. जेथे मनुष्यबळ आहे तेथे हे होऊ लागले आहे. फ्रॉइंड ज्या पोस्टग्रेसचे काम करतात त्या प्रकल्पाने हा बदल एक्सझेडचा गौप्यस्फोट होण्याच्या काही महिने आधी, २०२३ च्या अखेरीसच ठरविला होता. त्याची १७ वी आवृत्ती २६ सप्टेंबर २०२४ रोजी निघाली. तिच्या गठ्ठ्यात पूर्वी असणाऱ्या यंत्रनिर्मित फाइली नाहीत. भांडारात जे आहे तेच गठ्ठ्यात आहे. त्यामुळे बांधणी करणाऱ्याला बायसन, फ्लेक्स आणि पर्ल ही साधने आता स्वतःजवळ ठेवावी लागतात.